बीळ बुजवलं की पुन्हा उघडतं? आधी खाली कोण राहतंय ते ओळखा

बीळ दिसलं, माती लोटली, पायाने दाबली, वर दगडही ठेवला. दोन दिवसांनी दगडाच्या शेजारी नवं भोक. मग पाणी ओतून झालं, धूर देऊन झाला, कुणीतरी सांगितलं म्हणून डांबराच्या गोळ्याही टाकून झाल्या. आठवडाभर शांतता, आणि मग ये रे माझ्या मागल्या.

ही तक्रार इतकी ठरावीक आहे की तिचं निदानही बऱ्यापैकी ठरावीक आहे. जमिनीखाली राहणारे उंदीरवर्गीय प्राणी आपण एकाच माळेचे मणी समजतो. प्रत्यक्षात त्यांचे दोन गट पडतात आणि दोघांचा स्वभाव अगदी उलटा असतो. एकाचं बीळ बंद केलं की तो उघडतो. दुसऱ्याचं उघडलं की तो बंद करतो. एकाचा उपाय दुसऱ्यावर केला की पालथ्या घड्यावर पाणी.

आधी एक-दोन रात्री थांबून बघा

औषध, सापळा, जाळी यांतलं काहीही आणण्याआधी एक साधी चाचणी करा. पुढचं सगळं तिच्यावर ठरतं.

जमिनीत सरळ उघडं भोक दिसत असेल, तर त्यात वर्तमानपत्राचा चुरगळलेला कागद सैलसर कोंबा, किंवा भुसभुशीत माती ढकला. ठोकून दाबू नका. जनावराला अडवायचं नाहीये, ते येतं-जातं का एवढंच बघायचंय. सकाळी कागद बाहेर पडलेला किंवा आत ओढलेला दिसला, तर बीळ चालू आहे. दोन-तीन रात्री कागद हलला नाही, तर बहुधा ओसाड. भोकाच्या तोंडावर कोळ्याचं जुनं, धूळ बसलेलं जाळं असेल तर कागदाचीही गरज नाही.

जमिनीवर मातीचे ढीग आहेत पण भोक कुठेच दिसत नाही, तेव्हा चाचणी उलटी करायची. एक लांब, बोथट टोकाची सळई घ्या. ढिगापासून वीत-दीड वीत अंतरावर ती सावकाश खुपसत जा. माती घट्ट लागते, घट्टच लागते, आणि एकदम सळई दोन-तीन बोटं आपसूक खाली जाते. तिथे बोगदा आहे. खुरप्याने तो उघडा, आत उजेड जाईल एवढं तोंड मोकळं ठेवा आणि चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांनी या. आतून माती लावून तोंड बंद केलेलं असेल, तर मालक घरी आहे. ही लावलेली माती जरा निरखून बघा. ती आजूबाजूच्या सुकलेल्या मातीपेक्षा गडद आणि ओलसर असते, ढेकळं जवळजवळ नसतात, आणि ती आतून बाहेरच्या दिशेला रेटलेली असते. वरून ढासळलेली माती अशी दिसत नाही.

दक्षिण आणि आग्नेय आशियातली लहान घूस, शास्त्रीय नाव बॅन्डिकोटा बेंगालेन्सिस, या चाचणीत गोंधळ घालते. ती दाणे गोळा करायला वर येते, म्हणजे बंद बीळ उघडणाऱ्या पहिल्या गटातली. पण आत असताना बिळाची तोंडं सैल मातीने बंद करून बसते. त्यामुळे भोक नसलेला ताजा उकीर आणि आसपास अर्धवट कुरतडलेली ताटं किंवा ओंब्या दिसल्या तर घुशीचा संशय आधी घ्या.

एकाला दार लागतं, दुसऱ्याला अजिबात नको

पहिल्या गटाचं माजघर जमिनीखाली आणि स्वयंपाकघर वर असतं. तपकिरी उंदीर, घूस, जरबिल, उत्तर अमेरिकेतले प्रेअरी डॉग हे सगळे झोपतात, पिल्लं वाढवतात, लपतात खाली. पोट भरायला मात्र वर यावंच लागतं. दार बंद झालं तर उपासमार. म्हणून ते दार उघडतात, आणि जुनं दार अवघड झालं तर शेजारी दुसरं पाडतात. तपकिरी उंदराच्या बिळाला मुख्य तोंडाशिवाय पळवाट असते. ती गवताखाली किंवा सैल मातीच्या पातळ थराखाली लपवलेली असल्याने आपल्याला सहसा दिसत नाही. दिसणारं तोंड बुजवून आपण निश्चिंत होतो आणि हा त्या पळवाटेने ये-जा करत राहतो.

दुसऱ्या गटाचं सगळंच खाली. उत्तर आणि मध्य अमेरिकेतले गोफर, आफ्रिकेतले मोल-रॅट, भूमध्य सागराच्या पूर्वेकडचे आंधळे मोल-रॅट, दक्षिण अमेरिकेतले टुको-टुको, चीन-मंगोलियाकडचे झोकोर. हे मुळं, कंद, गड्डे खालूनच खातात. काही वेळा उभं रोप मुळाकडून ओढून बोगद्यात घेतात आणि वर नुसता खळगा राहतो. पाणीही बहुतेक याच कंदमुळांतून मिळतं, त्यामुळे पाणवठ्यासाठी बाहेर यायची गरज पडत नाही. यांच्या दृष्टीने उघडं तोंड म्हणजे उजेड, कोरडी हवा आणि साप. ते बंद करणं हे पहिलं काम. टुको-टुको आणि गोफर थोडं-फार वर डोकावतात, चरतात, पण तोंडापासून फार लांब जात नाहीत.

याच्यातूनच सापळ्याचं गणित निघतं. पहिल्या गटासाठी सापळा बिळाबाहेर, भिंतीच्या किंवा बांधाच्या कडेने, जिथे वाट पडली आहे तिथे लावायचा. दुसऱ्या गटासाठी तो बोगद्याच्या आत, दोन्ही दिशांना तोंड करून. तोंड उघडं राहिलंय म्हणून ते बुजवायला येणं, हेच इथलं आमिष. गोफरच्या सापळ्याला खाऊ लावला नाही तरी तो सापडतो. लोकांना हे पटायला जड जातं, पण यामागे नशिबाचा भाग काही नाही.

ढीग बघून ओळख

गोफरचा ढीग वरून पाहिला तर अर्धचंद्रासारखा किंवा पंख्यासारखा पसरलेला असतो. बोगदा तिरका वर येतो आणि माती एका बाजूला फेकली जाते. बुजवलेलं तोंड ढिगाच्या आतल्या वळणापाशी, एका कडेला सापडतं. सळई खुपसायची ती त्याच बाजूने.

ढीग गोल, शंकूसारखा असेल, माती मधोमध खालून वर आल्यासारखी दिसत असेल आणि हिरवळीवर फुगीर रेघा उमटल्या असतील, तर तो मोल असू शकतो. मोल उंदीरवर्गीय नाहीच. तो गांडुळं आणि किडे खाणारा, चिचुंद्रीच्या नात्यातला प्राणी आहे. त्याच्यासाठी धान्याचं आमिष टाकणं म्हणजे निव्वळ नासाडी. 'किती दाणे टाकले, कुणी तोंडच लावत नाही' या तक्रारीमागे अनेकदा हाच घोळ असतो. झाडाची मुळं कुरतडलेली नाहीत आणि तरी जमीन उकरलेली आहे, एवढ्यावरूनही संशय घेता येतो.

तपकिरी उंदराचं तोंड उघडं, साधारण सहा ते नऊ सेंटिमीटर रुंद, कडा अंग घासून गुळगुळीत झालेल्या. शेजारी लेंड्या आणि एक मळलेली पाऊलवाट. हे बीळ सहसा अर्ध्या मीटरपेक्षा खोल जात नाही आणि बऱ्याचदा भिंतीचा पाया, फरशी किंवा लाकडांची चवड असल्या कशाच्या तरी आधाराने असतं.

ढीग दुप्पट झाले म्हणजे प्राणी दुप्पट झाले का?

नाही. पाऊस पडून गेला की दोन दिवसांत सगळीकडे नवे उकीर दिसतात आणि माणूस हबकतो. प्राणी तेवढेच असतात, माती मऊ झालेली असते.

१९७९ साली गोफरवर झालेल्या मोजमापात असं दिसलं की एक मीटर बोगदा खोदायला, तेवढंच अंतर जमिनीवर चालण्याच्या ३६० ते ३,४०० पट ऊर्जा लागते. मातीचा प्रकार आणि ओल यांवर हा आकडा एवढा बदलतो. एवढी किंमत मोजायची असेल तर कोणीही माती मऊ असतानाच खोदून घेईल. आफ्रिकेतल्या कलहारी वाळवंटाच्या कोरड्या भागातले डॅमरालँड मोल-रॅट पावसानंतर झपाटल्यासारखे खोदतात, कारण पुढचा कंद कुठे आहे हे माहीत नसताना कोरड्या जमिनीत आंधळेपणाने खोदणं परवडत नाही.

आणखी एक गोष्ट. दुसऱ्या गटातले बहुतेक प्राणी एकलकोंडे आणि भांडखोर असतात. एका गोफरच्या हद्दीत दुसरा प्रौढ गोफर, मिलनाचा काळ सोडला तर, टिकत नाही. तो एकटा दिवसाला अनेक ढीग काढू शकतो. त्यामुळे पंधरा-वीस ढिगांचा मालक एकच असण्याची शक्यता बरीच असते, आणि उपाय त्या एकासाठी करायचा असतो. उघड अपवाद म्हणजे पूर्व आफ्रिकेतला नेकेड मोल-रॅट. त्यांच्या वसाहतीत साधारण सत्तर-ऐंशी जण राहतात, कधी कधी तीनशेच्या आसपासही. पिल्लं एकच राणी घालते आणि बाकीचे राबतात. मधमाश्यांसारखी ही व्यवस्था सस्तन प्राण्यात आहे हे जेनिफर जार्व्हिस यांनी १९८१ मध्ये मांडलं तेव्हा जीवशास्त्रज्ञांच्या भुवया उंचावल्या होत्या.

मोजायचंच असेल तर सगळे ढीग दाताळ्याने सपाट करा आणि अठ्ठेचाळीस तासांनी फक्त नवे मोजा. जुन्या ढिगांवरून काढलेला कोणताही अंदाज फसवा असतो.

धूर, पाणी, गॅस: इतकं करून मरत कसं नाही?

या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या रक्तात आहे, अक्षरशः.

बंद बोगद्यातली हवा आपल्यासारखी नसते. बाहेर ऑक्सिजन सुमारे २१ टक्के आणि कार्बन डायऑक्साइड ०.०४ टक्के. आंधळ्या मोल-रॅटच्या बोगद्यांत, पावसाने जड चिकणमाती भिजून तिची छिद्रं बुजल्यावर, ऑक्सिजन सुमारे ७ टक्क्यांपर्यंत उतरलेला आणि कार्बन डायऑक्साइड ६ टक्क्यांपर्यंत चढलेला मोजला गेला आहे. अशा हवेत आपल्याला काही मिनिटांत भोवळ येईल. हा प्राणी तिच्यात खोदकाम करतो.

हे जमतं कारण अशा प्राण्यांचं हिमोग्लोबिन ऑक्सिजनला जास्त घट्ट पकडतं, म्हणजे विरळ हवेतूनही तो उचलून घेतं. विश्रांतीच्या वेळचा चयापचय त्यांच्या आकाराच्या इतर सस्तन प्राण्यांपेक्षा मंद असतो, त्यामुळे मुळात ऑक्सिजन कमी लागतो. मंद चयापचयाचा दुसरा फायदा असा, की बंद, दमट जागेत खोदताना अंग तापून जात नाही. नेकेड मोल-रॅटने तर सगळ्यांवर कडी केली आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हे प्राणी ५ टक्के ऑक्सिजनमध्ये पाच तास राहिले आणि फारसं काही बिघडलं नाही. ऑक्सिजन शून्यावर आणल्यावर ते निपचित पडले, हृदयाची गती खूप उतरली, पण अठरा मिनिटांनंतर हवा दिल्यावर पुन्हा उठून कामाला लागले. या काळात त्यांचा मेंदू आणि हृदय फ्रुक्टोज साखरेवर चाललं. ती वाट ऑक्सिजनशिवाय ऊर्जा देते आणि नेहमीच्या ग्लुकोजच्या वाटेवर जो अडथळा येतो तो तिच्यात येत नाही. साधा प्रयोगशाळेतला उंदीर ऑक्सिजन नसलेल्या हवेत मिनिटभराच्या आसपास दगावतो.

सगळ्यांची सहनशक्ती एवढी टोकाची नसते, आणि तपकिरी उंदराची तर नाहीच. पण त्याला ती लागत नाही. तो पळवाटेने निघून जातो.

आता धुराचा उपाय याच्याशेजारी ठेवून बघा. गोफरला वास आला की तो मधेच मातीचा बूच मारतो आणि पलीकडे निवांत बसतो. त्याला हे काम नवीन नाही, रोजच्या खोदकामातही वापरात नसलेला बोगदा तो मातीने भरून टाकतच असतो. धूर बूचापर्यंत जाऊन थांबतो. सैल वाळूत किंवा भेगाळलेल्या जमिनीत तर तेवढंही होत नाही, निम्मा धूर भलतीकडूनच वर येताना दिसतो.

पाण्याचंही तेच. गोफरचे चरण्याचे बोगदे वरच्या अर्ध्या मीटरमध्ये असले, तरी घरटं आणि साठवणीची जागा कधी कधी दीड-पावणेदोन मीटर खोल असते आणि एकूण जाळं लांबच लांब पसरलेलं असतं. नळी लावून ते भरेपर्यंत बरंचसं पाणी मातीत जिरतं. भिंतीलगतच्या बिळात पाणी सोडत राहिलात तर मात्र एक गोष्ट नक्की होते, पायाखालची माती वाहून जाते. उंदराने केलं नसेल एवढं नुकसान आपण करतो.

बिळात टाकायच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांबद्दल थोडं परखड बोलणं भाग आहे. मातीतल्या ओलीशी संयोग होऊन त्यातून फॉस्फिन वायू निघतो. कोरड्या जमिनीत तो पुरेसा निघत नाही, भेगांतून निसटतो, आणि माती ओली-घट्ट असेल तेव्हाच काम करतो. या वायूवर नेमका उतारा नाही. घराजवळच्या बिळात टाकलेली गोळी भिंतीच्या फटीतून माणसांच्या खोलीत वायू सोडू शकते आणि त्याने घरातली माणसं दगावली आहेत. परवाना असलेला प्रशिक्षित माणूस, मोकळी शेतजमीन आणि योग्य ओल, हे तिन्ही नसेल तर हा विषयच काढू नका.

आवाजाची यंत्रं

'जमिनीत खोचा आणि विसरा' अशा जाहिरातीची ही यंत्रं दुसऱ्या गटासाठी का निकामी आहेत, ते त्यांच्या कानांवरून कळतं. गोफरला साधारण ८.७ किलोहर्ट्झच्या वर ऐकू येत नाही. आंधळ्या मोल-रॅटची मर्यादा ५.९ किलोहर्ट्झ. ही यंत्रं काढतात ते अल्ट्रासाउंड, म्हणजे माणसाला ऐकू न येणारा उंच पट्टीचा आवाज, सुरू होतं २० किलोहर्ट्झच्या पुढे. म्हणजे यंत्र ओरडतंय आणि ज्याला ऐकवायचं त्याच्या कानापर्यंत ते पोचतच नाही. बोगद्यात उंच पट्टीचा आवाज लवकर विरतो, खर्जातला लांब जातो, आणि कान त्याला साजेसे झालेले आहेत.

मग थरथर निर्माण करणारी यंत्रं? आंधळा मोल-रॅट स्वतःच बोगद्याच्या छताला डोकं आपटून शेजाऱ्यांना निरोप देतो आणि जमिनीतून येणारी थरथर ओळखतो. पावलं, पाण्याचे पंप, अवजारं यांची थरथर त्याच्या भोवती कायमच असते. एकसुरी थरथर काही दिवसांत पार्श्वभूमी होऊन जाते. तपकिरी उंदराला अल्ट्रासाउंड चांगलं ऐकू येतं हे खरं, पण ते मातीतून आणि भिंतीतून पार होत नाही, आणि तोही त्याला सरावतो.

आमिष खात नाहीत, किंवा खातात आणि फरक पडत नाही

तपकिरी उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. नेहमीच्या वाटेवर नवा पिंजरा दिसला की काही दिवस तो वळसा घालून जातो. आपण दुसऱ्या दिवशी पिंजरा रिकामा बघून जागा बदलतो आणि त्याच्यासाठी ती पुन्हा नवी वस्तू होते. पिंजऱ्याचा चाप न लावता, आत नुसता खाऊ ठेवून, तो एकाच जागी आठवडाभर राहू द्या. घरातली छोटी चिटकी उंदरं याच्या उलट, नव्या वस्तूकडे चौकस होऊन येतात. तिथे पहिल्याच रात्री काही सापडलं नाही तर जागा चुकली असं समजावं.

झिंक फॉस्फाइडसारखं जलद विष अर्धवट मात्रेत पोटात गेलं आणि उंदीर वाचला, तर तो त्या चवीला पुन्हा तोंड लावत नाही. म्हणून आधी दोन-तीन दिवस तेच धान्य विषाशिवाय देण्याची पद्धत आहे. रक्त न गोठू देणारी विषं काही दिवसांनी परिणाम करतात, त्यामुळे उंदराला खाणं आणि दुखणं यांचा संबंध जोडता येत नाही. पण तोच विषारी, मंदावलेला उंदीर घुबड, मांजर किंवा कुत्र्याच्या तोंडी लागतो आणि विष पुढे जातं. मोकळ्यावर ही विषं टाकायला माझा विरोध आहे.

साठवणारे प्राणी वेगळाच घोळ करतात. गोफरच्या गालाला बाहेरून उघडणाऱ्या, आतून केसाळ अशा पिशव्या असतात. घूस धान्य ओढून बिळातल्या कोठारात रचते. आमिष गायब झालं म्हणजे खाल्लं गेलं असं नाही, ते नुसतं कोठारात जमा झालेलं असू शकतं.

सगळं साफ झालं, आणि महिन्याभरात पुन्हा तेच

माझ्या मते खरी अडचण ही आहे आणि हिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं.

एक मीटर खोदायला किती ऊर्जा लागते ते वर आलंच आहे. तयार, रिकामा बोगदा ही म्हणूनच फार मोलाची गोष्ट असते. आईने हाकललेली वयात आलेली पिल्लं जागा शोधत फिरतात, तीही बरीचशी जमिनीवरून, अंधारात. त्यांना रिकामं जाळं सापडलं की दुसऱ्या दिवसापासून संसार सुरू. तुम्ही मालक काढला, घर भाड्याने द्यायला ठेवलं. प्राणी पकडल्यावर बोगदा उघडून, फावड्याने ढासळवून, थराथराने माती चोपून भरणं हा म्हणून उपायाचाच भाग आहे.

पहिल्या गटात भर पडते ती जन्मातून. तपकिरी उंदराची गर्भावस्था जेमतेम तीन आठवड्यांची. १९४० च्या दशकात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी बाल्टिमोर शहरातल्या वस्त्यांमध्ये हे नीट पाहिलं होतं. नुसतं विष घालून संख्या पाडली की उरलेले वाढून काही महिन्यांत जुन्या आकड्याला पोचत. उघडा कचरा आणि लपायच्या जागा कमी केल्यावर मात्र संख्या खाली जाऊन खालीच राहायची. जागेत जेवढ्यांचं अन्न आणि आडोसा, तेवढेच उंदीर. म्हणून पहिल्या गटाच्या बाबतीत पहिलं काम बिळापाशी नाही, बिळापासून वीस-तीस पावलांवर असतं: पक्ष्यांना टाकलेले दाणे, झाकण नसलेलं खाद्याचं पिंप, कुजायला टाकलेलं उष्टं, भिंतीला टेकलेली लाकडं.

टिकणारे अडथळे

जाळी लावायची तर बारा मिलिमीटर भोकांची, जाड तारेची आणि जस्त चढवलेली. लहान उंदरांसाठी सहा मिलिमीटरची. प्लॅस्टिकची जाळी आणू नका. या प्राण्यांचे पटाशीचे दात आयुष्यभर वाढतात. मोल-रॅट आणि गोफर यांचे ओठ तर दातांच्या मागे मिटतात. दात बाहेर आणि तोंड बंद, त्यामुळे माती तोंडात न जाता ते दातांनी खोदू शकतात. नेकेड मोल-रॅटच्या एकूण स्नायूंपैकी सुमारे चतुर्थांश जबड्याला असतात. त्यापुढे प्लॅस्टिकचा काय पाड.

भिंतीलगत जाळी उभी फूटभर खाली न्या आणि मग बाहेरच्या दिशेला तेवढीच आडवी वळवा. उंदीर भिंतीला चिकटून खाली खोदतो, आडव्या जाळीवर अडतो, आणि मागे सरकून लांबून सुरुवात करायचं त्याला सहसा सुचत नाही. गोफरसारख्यांसाठी वाफ्याच्या तळाशी पूर्ण जाळी पसरणं जास्त भरवशाचं. नुसती कडेने साठ सेंटिमीटर पुरलेली जाळी वेग कमी करते, थांबवतेच असं नाही.

घुबडांसाठी पेट्या लावाव्यात का? लावा, गव्हाणी घुबडाचं पोट मुख्यतः अशाच प्राण्यांवर भरतं. पण ते वर आलेल्यालाच पकडतं. खालचा मालक त्याच्या आवाक्याबाहेर आहे, एकट्या घुबडावर भिस्त ठेवू नका.

हात लावूच नये अशी बिळं

पडीक जमिनीवर, पाया-बांध-पिकापासून लांब असलेली बिळं तशीच राहू द्यावीत. खालची माती वर येते, मुळांना हवा मिळते, पाणी मुरतं. १८ मे १९८० रोजी अमेरिकेतल्या सेंट हेलेन्स ज्वालामुखीचा स्फोट झाला तेव्हा जमिनीखाली असलेले बरेच गोफर वाचले. त्यांनी राखेच्या थराखालची जुनी सुपीक माती वर काढली आणि त्या ढिगांवर झाडोरा रुजायला मदत झाली. ओसाड बिळांत बेडूक, सरडे, कीटक आणि काही ठिकाणी घुबडंही राहतात.

आणि सापही. बिळात हात घालायचा नाही, कितीही जुनं वाटलं तरी. लेंड्या कोरड्या झाडू नका, आधी जंतुनाशकाने भिजवा, हातमोजे घाला. उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस पसरतो आणि त्याचे जंतू ओल्या मातीत टिकतात.

उघडत नाही, बंदही होत नाही, पण जमीन खचते

हा प्रकार वेगळा काढावा लागतो, कारण इथे प्राणी शोधत बसलात तर सापडणार नाही. दोन्ही चाचण्या कोऱ्या येतात. कागद तसाच, उघडं ठेवलेलं भोक तसंच, नवा ढीग नाही, तरी प्रत्येक जोरदार पावसानंतर एखादी जागा वीतभर खाली बसते. खाली जुनं घरटं किंवा कोठार रिकामं आहे आणि त्याचं छत थोडंथोडं ढासळतंय. वरून माती टाकत राहिलात तर ती पोकळीत जात राहते. खचलेल्या जागेच्या मधोमध सळई घालून पोकळीचा तळ कुठे लागतो ते बघा, तिथपर्यंत खणा, कडेला निघणारे बोगदे हाताला लागतील तेवढे फावड्याच्या कडेने मोडा, आणि ओलसर माती वीतभर थराने टाकत प्रत्येक थर चोपा. वरचा थर आजूबाजूच्या जमिनीपेक्षा दोन बोटं उंच ठेवा, पुढच्या पावसात तो बसून सपाट होतो.